पोट लहान, पंगत तीच

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही आतां केवळ मुंबई-पुण्याकडील श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाहीं. आमच्या वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणाहूनही कोणी नागपुरास, कोणी मुंबईस जाऊन ती करून येतात. वर्षभरांत कपडे ढिले होतात, मधुमेहाच्या गोळ्या पुष्कळांच्या कमी होतात, गुडघ्यांचें दुखणें हलकें होतें, आणि घरांत आनंदीआनंद होतो. खरी कसोटी लागते ती त्यापुढें, दुसरें वर्ष सरल्यावर. आणि त्या कसोटींत रोग्याइतकीच घरच्या मंडळींचीही परीक्षा असते.

शस्त्रक्रियेनें नेमकें काय होतें तें प्रथम पाहूं. विशेष प्रचारांत असलेल्या 'स्लीव्ह' पद्धतींत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून टाकून केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवितात. 'बायपास' पद्धतींत जठराची लहानशी पिशवी करून ती पुढल्या आंतड्यास जोडतात. दोहोंतही पोट लौकर भरतें. शिवाय भूक व तृप्ति यांची वर्दी देणारे अंतःस्राव बदलतात, म्हणून आरंभीं भूकच मंदावते. परंतु गमावलेली चरबी परत मिळवावी अशी शरीराची स्वाभाविक ओढ असते. वजन घटल्यावर तें थोडक्या अन्नांत भागवूं लागतें, आणि काळांतरानें भूकही हळूहळू परत येते. स्वीडन देशांत १९८७ सालीं आरंभिलेल्या एका मोठ्या अभ्यासांत बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीनें शेंकडा ३२ उतरलें होतें. दहा वर्षांनीं ती घट शेंकडा २५ राहिली. म्हणजे १०० किलोंचा मनुष्य ६८ वर आला व पुढें ७५ वर स्थिरावला, असा हा हिशेब आहे.

यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्यावयाच्या. एक, मोठा लाभ टिकतो. दुसरी, चार-सहा किलो परत येणें हा कोणाचा अपराध नव्हे. "एवढा खर्च करून काय मिळविलें?" असें सुनेस किंवा दिरास जेवतांना विचारणारे लोक तिचें वा त्याचें हित करीत नाहींत. लाजलेला मनुष्य वजनकांट्यावर उभा राहावयाचें टाळतो, डॉक्टरकडे जावयाचें टाळतो आणि चोरून खातो. वजन मात्र झपाट्यानें चढूं लागलें, तर विलंब न लावतां शस्त्रवैद्यास गांठावें. आहारांत बदल, कांहीं औषधें, क्वचित् पुन्हां शस्त्रक्रिया, असे उपाय आज उपलब्ध आहेत.

वजन परत येतें तें बहुधा भाकरीच्या वाटेनें नव्हे. भाकरी, उसळ, भाजी हे पदार्थ चावावे लागतात व लहान पोटास लगेच भरून टाकतात. श्रीखंड, बासुंदी, पन्हें, उसाचा रस हे मात्र अडथळ्यावांचून खालीं उतरतात. चहांत बुडविलेला आमच्या वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाकही त्यांतलाच! पोट भरल्याची जाणीव न होतां साखर-तूप भरपूर जातें. उपवासाचेंही तसेंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर रिकामें राहून संध्याकाळीं खिचडी खाल्ल्यानें प्रथिन मिळत नाहीं आणि उष्मांक मात्र मिळतात. अशा व्यक्तीनें उपवास करावयाचा कीं नाहीं, हें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरवावें. घरच्या वडिलांनींच मोकळीक दिली, तर तिचें मनही शांत राहील.

प्रथिनाचा प्रश्न शाकाहारी घरांत अधिक नाजूक आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिन पोटांत जावें असा सर्वसाधारण नियम आहे; तें न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. १०० ग्रॅम तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिन असतें खरें, पण आपल्या पातळ वरणाच्या वाटींत डाळ किती आणि पाणी किती! म्हणून दाट वरण, मोडाची उसळ, पनीर, दहीं व सोयाबीन हे पदार्थ ताटांत प्रथम वाढावे. भात सर्वांत शेवटीं. याखेरीज बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात, आणि दरवर्षीं रक्ततपासणी करावी लागते. प्रकृति ठणठणीत दिसते म्हणून त्या सोडणें धोक्याचें. सारखी वांति होऊं लागल्यास तर त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. नव्या सुनेच्या बाबतींत आणखी एक गोष्ट: शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असें वैद्यशास्त्र सांगतें, तेव्हां "आतां पाळणा हालूं दे" ही घाई सासूबाईंनीं करूं नये.

उन्हाळ्यांत वर्ध्याचा पारा कित्येकदां ४५ अंशांवर जातो. लहान पोटास एका दमांत पेलाभर पाणी पेलत नाहीं. म्हणून दिवसभर घोटघोट पाणी किंवा पातळ ताक घ्यावें, मात्र जेवणाबरोबर नव्हे. चालण्याचा व्यायाम सूर्योदयापूर्वींच उरकावा.

महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्रामास राहिले. त्यापूर्वींच, १९१५ सालीं हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत, त्यांनीं दिवसांत पांचांहून अधिक खाद्यपदार्थ न घेण्याचें व्रत घेतलें होतें. त्यांचा हेतु निराळा होता. परंतु ताटांत पदार्थ जितके अधिक तितकें खाणें अधिक, हें आजचें आहारशास्त्रही सांगतें. चटणी, कोशिंबीर, दोन भाज्या, भजीं आणि दोन गोडें अशा आपल्या सणाच्या पानापुढें बसलेल्या माणसाचा निग्रह रोज पाहत बसण्यापेक्षां त्याच्यासाठीं चार पदार्थांचें लहान ताट वेगळें वाढणें सोपें.

आणि आग्रह! आपल्याकडे तें प्रेमाचें लक्षण मानतात. पण पोट नळीएवढें झालेल्या माणसास "माझ्या हातचा एकच लाडू" म्हणणाऱ्या पांच माणसांमुळें पांच लाडू होतात. नाहीं म्हणण्याचें ओझें नेहमीं त्याच्यावरच टाकूं नये. येत्या सणास पंगत बसण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं वाढणाऱ्यांस एवढेंच सांगून ठेवावें: या पानावर मागितल्याशिवाय कांहीं वाढूं नका.