आयसीयू, म्हातारे माणूस आणि दात घासायचा ब्रश

आपल्याकडे दवाखान्याचा विषय निघाला की बोलणे बिलावर येते. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली आणि चर्चा तिथेच अडकली. पुढे 29 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्न न बघता, 5 लाखांपर्यंतचे आयुष्मान कवच सुरू केले. पैसे कोण देणार, हा प्रश्न मोठाच आहे. पण आयसीयूत गेलेले आजोबा घरी येणार की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टींत एक अगदी स्वस्त गोष्ट आहे आणि तिची चौकशी सहसा कोणी करत नाही : तोंडाची स्वच्छता.

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. तोंड उघडे राहते, लाळ आटते, खोकून टाकण्याची ताकद नसते. दोन-तीन दिवसांत दातांवरच्या थरात दवाखान्यातले चिवट जंतू मुक्काम करतात आणि ती घाण नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपते. मूळ आजार बरा होत असताना न्यूमोनिया होतो तो असा. त्यात आपला मुलूख निपाणीच्या तंबाखूचा. वर्षानुवर्षे मिश्री लावलेल्या हिरड्या आधीच खिळखिळ्या झालेल्या असतात.

ही आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट नव्हे. डिसेंबर 2023 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात 15 चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत दवाखान्यात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आयसीयूतले मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांना. दिवसातून दोनदा घासणे पुरते, जास्त वेळा घासून जास्त लाभ दिसला नाही. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेल्या अभ्यासातही रोज तोंड स्वच्छ केलेल्यांत न्यूमोनिया 11 टक्के, इतरांत 19 टक्के होता.

पूर्वी क्लोरहेक्सिडिनच्या औषधी पाण्यावर भर असे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शनात ब्रशला स्थान मिळाले आणि ते पाणी सरसकट वापरू नये असे ठरले. महागडे औषध मागे, साधा ब्रश पुढे!

बँकेत आम्ही म्हणायचो, व्हाऊचर नाही तर एन्ट्री नाही. इथेही तेच. बिलात व्हेंटिलेटरचे दिवस दिसतात, तोंड पुसल्याची ओळ दिसत नाही. एका नर्सकडे अनेक रुग्ण असतील तर तेच काम आधी मागे पडणार, यात तिचा दोष थोडा. आणि नळी घातलेल्या माणसाला मराठीतही सांगता येत नाही, कन्नडमध्येही नाही. बेळगावात केएलईचे आणि मराठा मंडळाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना आयसीयूच्या फेरीची सवय लागली तर परिचारिकांना केवढा हातभार लागेल.

तोवर नातेवाइकांनी भेटीच्या वेळेत नम्रपणे विचारावे, “आज तोंड स्वच्छ केले का? ब्रशने की नुसत्या कापसाने?” लहान डोक्याचा मऊ ब्रश आणून द्यावा. स्वतः मात्र तोंडात पाणी घालू नये, ते थेट फुप्फुसात जाऊ शकते. कवळी असेल तर दाखल करतानाच सांगावे आणि नाव लिहिलेल्या डब्यात पाण्यात ठेवावी. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना विचारून लवकर परत बसवावी, कारण चावता आले नाही तर भाकरी पोटात जात नाही आणि गेलेली ताकद परत येत नाही. कवळी हरवलीच, तर कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देण्यासाठी दंतभाग्य योजना काढलेली आहे. तिची चौकशी सरकारी दवाखान्यातल्या दंत विभागात करावी.