बहीण लाडकी, सातबारा भावाचा

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. बाहेरच्या माणसाला वाटावे, काय हे स्त्रियांचे राज्य! आपल्याला ठाऊक आहे, की हा आकडा स्त्रियांच्या सन्मानाचा नसून पुरुषांच्या मुंबईचा आहे. कर्ता पुरुष गिरणीत नाही तर गोदीत. मागे भात लावणारी, गुरे राखणारी, मनीऑर्डरची वाट पाहणारी, सासूसासऱ्यांना शेवटचे पाणी पाजणारी बाई. घर तिने चालवले, जमीन तिने राखली. कागदावर ती कुठे आहे?

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली. बाई कर्ज मागायला आली, की पहिला प्रश्न असे, सातबारा कुणाच्या नावे? भेगाळलेल्या हातांनी ती उतारा पुढे करी. त्यावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचे नाव; नाहीतर थोरल्या दिराचे, आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा मॅनेजर राहायला परळला किंवा नालासोपाऱ्याला. पिकवणारी समोर बसलेली आणि कर्जाला पात्र माणूस तीनशे किलोमीटर दूर! बँक कागद पाहते, हात पाहत नाही. घरच्या लेकींची नावे पाहू गेल्यास ती, लागलीच असली तर, 'इतर हक्क' या रकान्यात सापडत. आमच्या कर्जाचा बोजाही त्याच रकान्यात चढे.

कायद्याने आपले काम केले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला. मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकले. यावर आपण एक घरगुती तोड काढली, तिचे नाव हक्कसोडपत्र.

गणपतीला सगळी भावंडे गावी जमतात, त्यामुळे हा विषयही बहुधा त्याच दिवसांत निघतो. आरती होते, मोदक होतात आणि मग थोरला दादा हळूच म्हणतो, "ताई, उद्या जरा रजिस्टर कचेरीत येऊन जा गं." ताई जाते. न गेली तर माहेर तुटते, आणि माहेराची किंमत कोणत्याही फेरफारात लिहिलेली नसते. याला आपण राजीखुशी म्हणतो.

भावांची बाजू मी ऐकली आहे. लग्नात खर्च केला, म्हाताऱ्यांना आम्ही सांभाळले. काही घरांत हे खरेही आहे, आणि सांभाळणाऱ्याला जास्त मिळावे, याला माझी ना नाही. पण म्हाताऱ्यांचे अंथरूण-पांघरूण प्रत्यक्षात कुणी केले? सुनेने. तिचे नाव ना माहेरच्या उताऱ्यावर, ना सासरच्या.

जमिनीला भाव नव्हता तोवर या सह्यांचीही कुणाला घाई नव्हती. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, आणि वर्षानुवर्षे न आठवलेल्या बहिणींचे पत्ते शोधणे सुरू झाले.

बदल झाला नाही, असे कोण म्हणेल? १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले होते. आज त्यांचा अभिमान साऱ्या जिल्ह्याला आहे. मुली शिकल्या. २०११ पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. २०२४ मध्ये सरकारने बहिणीला लाडकी ठरवून महिना दीड हजार रुपये तिच्या खात्यात घालायला सुरुवात केली. पैसा तिच्याच खात्यात जातो, हे मला जुना बँकवाला म्हणून मोलाचे वाटते. पण त्या दीड हजारांनी कुणा भावाच्या कपाळाला आठी पडली नाही. ते त्याच्या हिश्श्यातले नव्हते ना!

जामीनदाराची सही घेण्यापूर्वी आम्ही त्याला रक्कम वाचून दाखवत असू, म्हणजे पुढे 'मला माहीत नव्हते' म्हणायला नको. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला तिच्या वाट्याचे क्षेत्र किती, कलमे किती, आजचा बाजारभाव काय, हे कोण वाचून दाखवतो? येत्या गणपतीत दादाने एवढे तरी करावे. उतारा ताईपुढे ठेवावा, आकडा सांगावा, आणि तिने विचार करायला वर्ष मागितले तर द्यावे.