रुग्णालयाचे खेळते भांडवल

व्यापारी नवा गाळा घेतो, तेव्हा सारी शिल्लक बांधकामात घालीत नाही. माल, पगार, वीज आणि उधारी यांसाठी खेळते भांडवल बाजूला ठेवतो. शहरातील जुन्या रुग्णालयांचा विस्तार करताना मात्र हा साधा हिशेब वारंवार विसरला जातो. पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

बगदादहून येऊन मुंबईच्या व्यापारात मोठे झालेले डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले. १८६७ साली वास्तू पूर्ण झाली. देणगीदार मात्र १८६४ सालीच निवर्तले होते. १९४६ साली बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. शहर फोफावले, रुग्ण वाढले, पण रेल्वे स्थानकाजवळच्या त्या आवाराची हद्द वाढणे शक्य नव्हते. म्हणून विस्तार उंचीकडे वळला. अकरा मजली इमारतीचे काम सुरू झाले आणि एका दशकाहून अधिक काळ रेंगाळले. अखेर एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, उरलेली कामे घाईने उरकून ती रुग्णांसाठी खुली करावी लागली.

यातून घ्यावयाचा बोध भिंतींपुरता नाही. सरकारी रुग्णालयात बांधकाम एका विभागाकडे, डॉक्टर व परिचारिकांच्या पदांचा प्रस्ताव दुसऱ्याकडे आणि पैशाची संमती तिसऱ्याकडे असते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळापत्रकात बसविल्या नाहीत, तर मजले चढतात आणि खाटा रिकाम्या राहतात. शिवाय जुने रुग्णालय दुरुस्तीसाठी कुलूप लावून बंद ठेवता येत नाही. एक कक्ष हलवावा, तो रिकामा झाल्यावर दुरुस्त करावा, मग पुढचा हलवावा, असाच क्रम आखावा लागतो. प्राणवायूच्या नळ्या, वाढीव वीजभार, सांडपाणी आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट यांचा विचार नकाशावरच व्हावा लागतो. मागाहून भिंती फोडणे महागात पडते.

दात्याने या आखणीत बोलावे काय? परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. तेथील अध्यापक पात्रताधारक भारतीयच असावेत, अशी अट देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी घातली होती. इमारतीत काम कोण करणार, याची चिंता त्यांनी आधी केली.

आजच्या दात्यासही हाच मार्ग मोकळा आहे. समजा, एखाद्या कुटुंबाने १ कोटी रुपये देण्याचे ठरविले. सारी रक्कम यंत्रात घातली, तर हमीचा काळ संपताच देखभालीचा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी ६० लाखांचे यंत्र घेऊन ४० लाख कायम निधीत ठेवले, तर ७ टक्के दराने वर्षाला २ लाख ८० हजार रुपये व्याज मिळते. देखभाल करार यंत्राच्या किमतीच्या ५ टक्के, म्हणजे ३ लाखांचा धरला, तरी त्याचा बहुतेक भार या व्याजातून उचलला जातो. यंत्र थोडे लहान येईल, पण दहाव्या वर्षीही ते चालू असेल.

म्हणून कोनशिलेवरील नावाआधी दात्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मंजूर पदांची यादी, देखभालीची वार्षिक तरतूद आणि काम चालू असताना रुग्णांची सोय कोठे होणार याचा आराखडा.