कर पालिकेला, खड्डे सोसायटीला

खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम अखेर जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल. मुंबई उच्च न्यायालयाने सोमवारी, १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेला हा निकाल यंत्रणांना शुद्धीवर आणणारा आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे याच न्यायालयाने २०१५ मध्येच बजावले होते. दहा वर्षे कुणी हलले नाही, म्हणून आता खिशाला हात घालावा लागला. पण निकालातून निसटायची एक वाट पालिकांना तोंडपाठ आहे. ‘तो रस्ता आमच्या ताब्यात नाही’ एवढे एक वाक्य उच्चारले, की अभियंता सुटतो, कंत्राटदार सुटतो आणि खड्डा सोसायटीच्या पदरात पडतो. ही पळवाट आधी बुजवायला हवी.

फाटकाच्या आतल्या रस्त्यांबद्दल वाद नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे आणि तिची सुरुवातच अंतर्गत रस्त्यांपासून होते. ती जबाबदारी सोसायट्यांनी पाळलीच पाहिजे. वाद आहे तो फाटकाबाहेरच्या, पाच-दहा सोसायट्यांच्या मधून जाणाऱ्या रस्त्याचा. त्यावरून शाळेची बस जाते, पाण्याचा टँकर जातो, रिक्षा जातात, पालिकेची कचरागाडीही जाते. पलीकडच्या वस्तीतले शेकडो लोक स्टेशन गाठायला रोज तोच रस्ता तुडवतात. वापर सगळ्या गावाचा आणि डांबराचा खर्च मात्र दोन्ही बाजूंच्या रहिवाशांचा, हा कुठला न्याय?

कायदा मुका नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा आहे. त्याचे ३०५ वे कलम खासगी रस्त्यालगतच्या मालकांना तो सपाट करायला, फरसबंदी, गटार, दिवे करायला भाग पाडण्याचा अधिकार आयुक्तांना देते. मालकांनी ते केले नाही, तर पालिकेने काम करून खर्च वसूल करावा, अशीही सोय आहे. लगेच पुढचे ३०६ वे कलम नीट बांधलेला असा रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करायला सांगते. म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेला प्रवास स्पष्ट आहे: रस्ता एकदा नीट करा आणि पालिकेच्या स्वाधीन करा. पालिकांनी त्यातला नोटिशीचा अर्धा भाग उचलला आणि ताबा घेण्याचा अर्धा भाग फायलींत पुरला.

आणि नोटीस बजावायची तरी कुणावर? बिल्डर इमारती विकून मोकळा झाला, जमिनीचे अभिहस्तांतरण केलेच नाही. सदनिका मालकीविषयीच्या मोफा कायद्यात २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावावर करण्याची तरतूद करावी लागली, यातच सगळे आले. मिळकत पत्रिका काढली तर रस्त्याच्या तुकड्यावर अजून मूळ जमीनमालकाचे नाव दिसते. तो बऱ्याचदा हयातही नसतो. सोसायटीच्या नावावर नसलेला रस्ता सोसायटीने दुरुस्त करायचा आणि पालिकेने नकाशात मंजूर केलेला रस्ता पालिकेने नाकारायचा, असा हा प्रकार आहे. मग गणपतीच्या तोंडावर सोसायट्यांचे सेक्रेटरी एकमेकांना फोन करतात, वर्गणी काढतात, कुठल्या तरी घरदुरुस्तीचा राबीट मागवून खड्ड्यांत टाकतात. दोन सरींत राबीट गटारात वाहून जातो, गटार तुंबते आणि तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरते.

हे सारे फुकट चाललेले नाही. मुंबईतल्या मालमत्ता कराच्या देयकात ‘पथकर’ असा स्वतंत्र रकाना आहे. तो वसूल करताना समोरचा रस्ता खासगी आहे का, हे कुणी विचारत नाही. सोसायटीतही सदस्य बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात भरतो, तो इमारत टिकावी म्हणून. मोठ्या संकुलांत मासिक देखभाल वर्गणी साडेसात हजारांवर गेली की त्यावर १८ टक्के जीएसटी. करावर कर भरणाऱ्या माणसाला रस्त्यासाठी पुन्हा वर्गणी मागायची लाज कुणालाच का वाटत नाही?

मुंबईबाहेर तरी वेगळे काय आहे? पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली. मिळकतकराची बिले तत्परतेने पोचली, रस्ते मात्र अजून विकास आराखड्याच्या कागदावरच अडले आहेत. पनवेलमध्ये सिडकोचे सेवाशुल्क आणि महापालिकेचा मालमत्ता कर अशी दुहेरी आकारणी रहिवाशांच्या माथी आली. म्हाडाच्या वसाहतींत तर रहिवासी म्हाडा आणि पालिका अशा दोन कार्यालयांमध्ये चेंडूसारखा टोलवला जातो. त्यात खुद्द मुंबई पालिकेत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. जाब विचारायला माणूस नव्हता आणि प्रशासकाला मते मागायची नव्हती. शहरे वाढवायची, चटईक्षेत्र विकायचे, प्रीमियम गोळा करायचे आणि त्या घरांपर्यंत जाणारा रस्ता मात्र नाकारायचा, हेच राज्यातल्या नगरनियोजनाचे धोरण होऊन बसले आहे.

सार्वजनिक रस्त्यावर फाटक ठोकून सुरक्षारक्षक बसवणाऱ्या सोसायट्याही आहेत. त्यांनी फाटक काढावे, नाहीतर खर्च सोसावा. पण त्यांच्या नावाखाली बाकीच्यांना वेठीस धरता येणार नाही.

राज्य सरकारने आता निकष ठरवून द्यावा: मंजूर आराखड्यात दाखवलेला आणि सर्वांच्या वापराला खुला असलेला प्रत्येक रस्ता पालिकेचाच. प्रत्येक प्रभागाने ताब्यात न घेतलेल्या रस्त्यांची यादी जाहीर करावी, आणि ते ताब्यात घेण्याची मुदत आयुक्तांवर बंधनकारक असावी. रस्ता ताब्यात दिल्याशिवाय बिल्डरला भोगवटा प्रमाणपत्र मिळता कामा नये. आणि खासगी म्हणून नाकारलेल्या रस्त्यावर अपघात झाला, तरी भरपाई पथकर घेणाऱ्यानेच दिली पाहिजे. पालिकेला हे मान्य नसेल, तर त्या रहिवाशांचा पथकर तिने आजवरच्या वसुलीसह परत करावा.