पिणाऱ्या बाईला कुठे पाठवायचे?

दारूचा प्रश्न म्हटला की आपल्यासमोर उभी राहते ती पिणाऱ्याची बायको. मार खाणारी, मंगळसूत्र गहाण टाकणारी आणि एक दिवस पदर खोचून गुत्ता बंद पाडणारी. उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान घेऊन गावातले दुकान बंद करण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या बायकांनी लढून मिळवला. या लढ्याचे मोल मोठे आहे. पण या साऱ्यात एक बाई कुठेच दिसत नाही. ती म्हणजे स्वतः पिणारी आणि आता सोडू पाहणारी बाई.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का दारू पितात असे आढळले. शंभरात एक म्हणजे थोडी, असे कुणी म्हणेल. पण देशभराचा हिशेब केला तर ही संख्या कित्येक लाखांत जाते. शिवाय मागे सासू उभी असताना सर्वेक्षणाला आलेल्या बाईपुढे किती जणी खरे बोलतील? पुरुषाच्या पिण्याला आपला समाज नाद म्हणतो, बाईच्या पिण्यावरून तिचे चारित्र्य ठरवतो. म्हणून ती लपून पिते आणि मदत मागायला फार उशिरा येते.

आमच्या सल्ला केंद्रात आलेली अशी बाई आधी दारूचे नाव काढत नाही. नवऱ्याने घराबाहेर काढले, मुलांना भेटू देत नाहीत, अशी तिची तक्रार असते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर येते. मग प्रश्न पडतो, हिला कुठे पाठवायचे? एकीला एका व्यसनमुक्ती केंद्राने चक्क व्यसनी पुरुषांच्या बायकांच्या गटात बसवले. बाई आहे, म्हणून बायकांच्या गटात, एवढाच विचार!

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी १९३५ साली अमेरिकेत सुरू केलेली चळवळ. आज तिच्या बैठका आपल्याकडेही होतात. फी नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉन ही वेगळी संघटना आहे. एएच्या १९३९च्या मूळ पुस्तकात मात्र पिणारा पुरुषच गृहीत धरलेला आहे. त्यात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी बायकांच्याच तोंडून एक प्रकरण आहे. ते लिहिले मात्र संस्थापक बिल विल्सन यांनी. त्यांची पत्नी लोइस घरातच असताना! त्याच वर्षी मार्टी मॅन ही बाई एएत आली, सावरली आणि पुढे अनेकींचा आधार झाली. म्हणजे दार बंद नव्हते, पण आत जागा करून घ्यावी लागली.

ती जागा आपल्याकडे अजून अपुरी आहे. बैठक बहुधा संध्याकाळी, म्हणजे नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. खोलीत सगळे पुरुष. नवऱ्याच्या जबरदस्तीबद्दल किंवा गर्भपाताबद्दल बाई तिथे कशी बोलणार? दारूपुढे आपण हतबल आहोत, हे एएच्या पहिल्या पायरीवर कबूल करायचे असते. त्याने अनेकींचे ओझे हलके होते, पण जन्मभर हतबलच ठेवलेल्या एखादीला ते टोचतेही. याच कारणाने जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली अमेरिकेत फक्त स्त्रियांसाठी वेगळा गट काढला आणि आत्मसन्मानावर भर दिला.

म्हणून बाईला नुसता पत्ता देऊन भागत नाही. मी काही गोष्टी आधी विचारून घेते. बैठक मराठीत चालते का? आधीपासून येणारी एखादी बाई आहे का? परतीची बस मिळते का? मूल बरोबर नेता येते का? पहिल्यांदा जाताना कुणी सोबत येणार असेल, तर बैठक सर्वांसाठी खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी? आधार देणारी जुनी सदस्य बाईच असावी. सलगी करू पाहणारा कुणी भेटला तर ती बैठक सोडावी, दारू सोडण्याचा विचार सोडू नये. एका बैठकीवरून मत बनवू नये, तीन-चार ठिकाणी जाऊन पाहावे. गावात ओळखीची भीती असेल तर फोनवरून ऑनलाइन बैठकीला बसता येते. आणि रोज भरपूर पिणारीने एकदम बंद करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टर.

पुण्याच्या मुक्तांगणात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. पण उपचार संपवून घरी आल्यावर एकेक दिवस काढायला जवळची बैठकच लागते.

मैत्रिणींनो, इथेच आपले काम आहे. एएच्या नियमाने दोन-तीन पिणाऱ्या माणसांनी सोडण्यासाठी एकत्र बसायचे ठरवले तरी गट होतो. आपल्या संस्थांच्या खोल्या दुपारी रिकाम्या असतात. आठवड्यातून एक दुपार त्या या बायकांना द्या. एए बाहेरची देणगी घेत नाही, तेव्हा नाममात्र भाडे घ्या. आपण बैठकीत बसायचे नाही, शिकवायचे नाही. बाहेर त्यांची मुले सांभाळायची आणि कुणाचेही नाव बाहेर जाऊ द्यायचे नाही. गुत्त्यावर मोर्चा नेणाऱ्या संघटनेला एवढे नक्कीच जमेल.