आईला कोण विचारणार?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात मुलांचं वजन करणाऱ्या हातांची आज कमतरता नाही. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली आणि राज्य हादरलं. तेव्हापासून मंत्री आले, समित्या आल्या, योजना आल्या. आता अंगणवाडीत मूल काट्यावर चढतं, त्याच्या दंडाचा घेर मोजला जातो. ‘सॅम’ आणि ‘मॅम’ (तीव्र आणि मध्यम कुपोषण) ही अक्षरं पाड्यावरच्या आज्यांनाही पाठ झाली आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अमृत आहार योजनेतून एक वेळचं चौरस जेवण मिळतं. हे सगळं हवंच, आणि आहे त्याहून चांगलं हवं. पण त्या काट्याशेजारी जी पोरगेली आई बसलेली असते, तिला “तुला झोप लागते का गं?” असं विचारणं कुणाच्याच नेमून दिलेल्या कामात नाही.

मी ते विचारते. मी समुपदेशक आहे.

मी कोण, कुठली, हे आधी सांगते, कारण पाड्यावर तेच आधी विचारतात. मी नाशिकची. वडील एसटीत कंडक्टर होते. नाशिक-त्र्यंबक-मोखाडा-जव्हार रस्त्यावर त्यांची ड्युटी, जव्हारला मुक्कामी गाडी. मी शिंप्याच्या घरातली, एम.एस.डब्ल्यू. झालेली. नवऱ्यापासून वेगळी झालेली आहे, मूलबाळ नाही. मला शिक्षणात शिकवलं होतं की समुपदेशकानं स्वतःबद्दल बोलू नये, समोरच्याला मोकळी जागा द्यावी. शहरातल्या बंद खोलीत ते बरोबरही असेल. इथे ओट्यावर टेकले की पहिला प्रश्न येतो, “बाय, तू कुणाची? पोरं किती?” मी सगळ्याची उत्तरं देते. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी या आदिवासींच्या दारात आजवर चांगलं मराठी बोलणारा जो जो वही घेऊन आला, त्यानं बहुतेक वेळा काहीतरी नेलंच आहे. सावकारानं अंगठा नेला, ठेकेदारानं माणसं नेली. वेठबिगारी आणि लग्नगड्यांची (लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्यांची) पद्धत मोडायला वारल्यांना 1945 साली डहाणू-उंबरगाव पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उभं राहावं लागलं. ही आठवण अजून घराघरांत आहे. तेव्हा माझं आडनाव, माझी भाषा, माझी चप्पल माझ्या आधी त्या घरात शिरते. ते नाकारून मी ‘तटस्थ’ बसले तर समोरची बाई मला खरं का सांगेल? मी पहिल्या भेटीत वही काढत नाही. टिपण घरी येऊन करते.

दुसरी अडचण जागेची. गुप्तता पाळायला बंद खोली लागते असं पुस्तकात असतं, आणि पाड्यावर दार बंद केलं तर सगळा पाडा गोळा होतो. मोखाड्यात मार्चनंतर विहिरी तळाला जातात. पाऊस इथे धो धो पडतो, पण धरणांतलं पाणी मुंबईला जातं आणि डोंगरावरचे पाडे टँकरची वाट पाहतात. बायका हंडे घेऊन लांब चालतात. त्या वाटेवर सासू नसते, नवरा नसतो. मी बरोबर चालते. माझ्या कामातलं निम्मं बोलणं त्या वाटेवर झालं आहे.

एका बाईबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिचं बाळ पोषण पुनर्वसन केंद्रात राहून आलं, वजन वाढलं, घरी येऊन पुन्हा घटलं. सगळे तिला रागे भरत होते, पाजत नाही, लक्ष देत नाही म्हणून. विहिरीच्या वाटेवर हळूहळू कळलं की आधीचं एक मूल वीटभट्टीवर तापानं गेलं होतं. तिथेच पुरलं आणि दुसऱ्या दिवशी ती परत माती कालवायला उभी राहिली, कारण उचल फिटली नव्हती. त्या मुलाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. हे बाळही जाणार असं तिनं मनात धरलं होतं आणि म्हणून त्याच्याकडे पाहायचंच टाळत होती. मी आधी सासूपाशी बसायला लागले, नागली पाखडताना. सासूचंही एक मूल त्या ‘वावर-वांगणीच्या साली’ गेलेलं. दोघी एका चुलीवर रांधत होत्या आणि एकमेकींशी याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. ज्या दिवशी बोलल्या, त्यानंतर सासूनं पाण्याच्या खेपा स्वतःकडे घेतल्या आणि सुनेला झोपू दिलं. डॉक्टरांनी नैराश्याची गोळीही सुरू केली होती, तिचाही उपयोग झाला. पण नुसती गोळी देऊन तिला घरी धाडलं असतं तर त्या घरातलं मौन तसंच राहिलं असतं.

माणूस नात्यात मोडतो आणि नात्यातच सावरतो, असं मला वाटतं. म्हणून मी एकट्या बाईला नव्हे, तिच्या घराला भेटते. भगतालाही भेटते. शहरातल्या माझ्या मैत्रिणींना याचं नवल वाटतं. लोक आधी त्याच्याकडेच जातात. तो रात्री उठून येतो, त्याला घराण्याची तीन पिढ्यांची सुखदुःखं माहीत असतात. त्याच्याशी वैर करून मी कुणाचं भलं करणार? त्यानं धूप घालावा, कणसरीला, हिरव्याला नवस बोलावा, माझी हरकत नाही. फिट येते, माणूस जेवत नाही, जीव द्यायची भाषा करतो, तेव्हा गाडी बोलवायची, एवढं आमचं ठरलेलं आहे आणि बहुतेक जण ते पाळतात. पण ज्यानं एखाद्या विधवेकडे बोट दाखवून तिला भुताळी ठरवलं, त्याच्याशी माझी चर्चा नाही. तिथे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि मी पोलीस ठाण्यात जाते.

सर्वांना सामावून घेणं हा शब्द सभांमधून फार सोपा झाला आहे. इथे त्याचा अर्थ कातकरी बाईला ओट्यावर बसायला मिळणं असा आहे. ती बैठकीला आली तर दाराबाहेर बसते, आणि इतर आदिवासी बायकाही तिला आत बोलवत नाहीत. मग मी बैठकच कातकरीवाडीत घेते. आश्रमशाळेतला एखादा मुलगा आपल्याला मुलगेच आवडतात हे पुटपुटत सांगतो, तेव्हा त्याला रोगी न मानणं, हाही त्याचाच भाग आहे. ही माझी मेहेरबानी नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं अठरावं कलम जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व यांवरून भेद न करता सरकारी सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानतं, आणि ती सेवा पोहोचता येईल अशा अंतरावर हवी असंही सांगतं. सूर्यमाळच्या डोंगरावरून पालघरचं जिल्ह्याचं ठिकाण कोणत्या अर्थानं पोहोचता येईल अशा अंतरावर आहे?

दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्या, नाशिक-ठाण्याची बांधकामं. काही होळीला येतात, काही पावसाच्या तोंडावर. नैराश्याच्या गोळीचा गुण यायलाच काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती महिनोन्‌महिने चालू ठेवावी लागते. भट्टीवर गोळ्या संपतात आणि उपचार तिथेच तुटतो. मुकादमाच्या फोनवर बोलावं, तर तो शेजारीच उभा. क्षयरोगाचा रुग्ण गाव बदलतो तेव्हा त्याचे उपचार दुसऱ्या केंद्राकडे सोपवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मनाच्या रुग्णाला तीच सोय का नाही?

मग करायचं काय? माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बायका वाढवणं हे उत्तर नाही. खोडाळा, वाशाळा, साखरशेत, जामसर अशा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच भागातली, तीच बोली बोलणारी बाई समुपदेशक म्हणून नेमली पाहिजे. बारावी शिकलेली चालेल. तिला नीट प्रशिक्षण द्या आणि तिच्या पाठीशी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ ठेवा. “बारावी झालेली बाई मनाचे आजार काय बरे करणार?” असं विचारणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका करवल्या. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारात 39 टक्के. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत तिथल्या आरोग्यसेविकांनीच बाळंतिणींना भेटून हे केलं. 2008 च्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी भेटी मिळालेल्या 23 टक्के आयांमध्ये नैराश्य उरलं होतं, इतरांमध्ये 53 टक्के.

त्याच अभ्यासात बाळांच्या वजनात मात्र ठळक फरक दिसला नाही. जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं, पण वजन फारसं नाही. हे मी मुद्दाम सांगते. आईचं मन सांभाळा म्हणजे मुलाचं वजन वाढेल, असं सांगून मला निधी मागायचा नाही. वजनाला अन्न लागतं, पाणी लागतं, गावात काम लागतं. आईला विचारायचं ते तिच्यासाठी. मूल धडधाकट असलं तरी तिला विचारायचं.

हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका. त्या आधीच मानधनावर पन्नास कामं ओढताहेत. वेगळं पद हवं, दरमहा पगार हवा. तोवर अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारता येतील, झोप लागते का आणि कशात जीव रमतो का. होकार-नकार कार्डावर लिहिता येईल, आणि तेच कार्ड स्थलांतरात बरोबर नेता येईल. 14416 या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सेवा मराठीतही आहे. जिथे रेंज आहे तिथे ती जरूर वापरा. जिथे रेंज नाही, तिथे माणूसच पाठवावा लागेल. पालघर जिल्हा परिषदेनं येत्या अर्थसंकल्पात या दोन तालुक्यांसाठी ही पदं मंजूर करावीत, आणि दिवाळीनंतर पाडे रिकामे होण्याआधी ती भरावीत.