तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव ही नावे उच्चारली की महाराष्ट्राच्या वाहन उद्योगाचे वैभव डोळ्यांसमोर उभे राहते. या वैभवाच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली चार यंत्रे टाकून, दहा-बारा कामगारांसह बसलेला माणूस मात्र कुणाला दिसत नाही. गाडीतला ब्रॅकेट, पिन, बुश, कास्टिंग तोच घडवतो. घर गहाण टाकून त्याने यंत्र घेतलेले असते आणि महिन्याचे ‘शेड्यूल’ एकाच मोठ्या खरेदीदाराकडून येते. ते आले नाही तर दिवाळी अंधारात!

कायदा या माणसाशी कसा वागतो? जिथे तो देणेकरी असतो, तिथे कायदा स्वतःहून त्याच्या दारात येतो. जिथे तो घेणेकरी असतो, तिथे मात्र त्यालाच कायद्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. त्याच्या धंद्यावरची खरी कायदेशीर टांगती तलवार ही विषमता आहे.

आधी देण्याची बाजू पाहू. समजा, त्याने दहा लाखांचा माल पाठवला. त्यावर १८ टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार रुपये वस्तू व सेवा कर झाला. बिलाचे पैसे हाती येवोत वा न येवोत, हा कर पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. उशीर झाला की १८ टक्के व्याज. त्यासाठी सरकारला कुठे अर्ज करावा लागत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांची रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामगाराच्या पगारातून कापलेला निधी भरला नाही, तर तो फौजदारी गुन्हा. केंद्राने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला सुरक्षा-भाग नियमबाह्य निघाला, तर २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार नगामागे एक लाख रुपये दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही.

यातील कोणत्याही नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. कामगाराचा पैसा हा कामगाराचाच. सुरक्षिततेत सवलत मागणे तर पापच ठरेल. जपानच्या ‘टाकाटा’ या एअरबॅग कंपनीचे उदाहरण ताजे आहे. सदोष इन्फ्लेटर फुटून माणसे मेली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल करून एक अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी पत्करली. सुटा भाग बनवणाऱ्यालाही कायद्याने असे धरलेच पाहिजे. पण चुकल्यावर कायदा इतका तत्पर असेल, तर हक्काच्या वेळी तो झोपलेला का असावा?

आता घेण्याची बाजू. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा कागदावर मोठा रुबाबदार आहे. पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज. दाद मागण्यासाठी राज्याची सुविधा परिषद आणि तिला निकालासाठी ९० दिवसांची मुदत. निकालाला आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. २०१७ पासून तक्रार संगणकावरून करण्याची ‘समाधान’ ही सोयही झाली. आणखी काय हवे?

हवे आहे ते धैर्य, आणि ते कायदा देऊ शकत नाही! ज्या खरेदीदाराविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच शेड्यूलवर दहा घरांच्या चुली पेटतात. तक्रार करणाऱ्याला कुणी धमकी देत नाही. त्याचे शेड्यूल पुढच्या महिन्यात अर्धे होते, ‘व्हेंडर रेटिंग’ घसरते, महिनाभर निमूट चाललेल्या मालात एकाएकी दोष सापडू लागतात आणि डेबिट नोट येते. यातील एकही गोष्ट न्यायालयात सिद्ध करता येत नाही. मग एकशे वीस दिवस थांबून पैसे मिळाले, तरी तो हात जोडून आभार मानतो. व्याज मागण्याचे तर स्वप्नातही येत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ बी चे नवे उपकलम आणले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीस पात्र नाही, असे त्याचे तत्त्व. हेतू उत्तम, पण त्यात पळवाट राहिलीच. एप्रिलमधील बिलाचे पैसे ऑगस्टमध्ये दिले, तरी वर्ष तेच असल्याने वजावट पूर्ण मिळते. म्हणजे कायद्याचा धाक केवळ मार्चअखेरीपुरता. उरलेले वर्ष मोकळे रान! शिवाय मध्यम उद्योग त्या कक्षेत येतच नाहीत.

त्याहून मोठी विसंगती जीएसटीत आहे. पुरवठादाराने पदरमोड करून भरलेल्या त्या एक लाख ऐंशी हजारांचे क्रेडिट खरेदीदार सामान्यतः लगेच वापरतो. बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तरच ते त्याला परत करावे लागते. एक कायदा म्हणतो ४५ दिवस, दुसरा खपवून घेतो १८०! मोठा खरेदीदार कोणता आकडा पाळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

काही विद्वान विचारतील, हा दोन व्यापाऱ्यांमधला करार आहे, सरकारने मध्ये का पडावे? ज्याच्याकडे दुसरे गिऱ्हाईकच नाही, त्याच्या सहीला मुक्त संमती म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. बिनव्याजी कर्ज द्यायचेच असेल, तर ते बँकेने द्यावे. भोसरीच्या शेडमधील माणसाने कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला का द्यावे?

उपाय अवघड नाही. ४५ दिवसांपलीकडची थकबाकी दर सहामाहीला कंपनी व्यवहार मंत्रालयाला कळवणे २०१९ पासून बंधनकारक आहे. अपराध्याने स्वहस्ते लिहिलेली यादी सरकारच्या कपाटात पडून आहे! पाच कोटींवरील उलाढालीची ई-बिलेही सरकारकडे तारीखवार नोंदलेली आहेत. मग तक्रारीची वाट कशाला? सेहेचाळिसाव्या दिवसापासून व्याज आपोआप आकारले जावे आणि जीएसटीतील १८० दिवसांचे ४५ व्हावेत. पुरवठादाराला तोंड उघडावेच लागू नये, इतका कायदा स्वयंचलित हवा. कर वसूल करताना तो तसा आहेच.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली, भाऊ, जावई मोठ्या कंपन्यांच्या खरेदी आणि लेखा विभागांत जबाबदारीच्या जागांवर आहेत. बिलावर सही करणारा हात त्यांचाच असतो. टेबलावर साचलेल्या त्या कागदामागे एक शेड आहे, दहा कामगारांचा पगार आहे, बँकेचा हप्ता आहे. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. मुदतीत सही करण्यासाठी अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.